वाहनत्यागाचा सत्कार

अध्यक्ष माननीय महादेवप्पा, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद आणि खुर्च्या कमी पडल्यानं मागं उभी असलेली मायबाप मंडळी,

शाल मिळाली, नारळ मिळाला, मी आपला ऋणी आहे. पण खरं सांगू? माझा गोंधळ उडालाय. पत्रिकेत छापलंय, 'पंच्याहत्तरी ओलांडताच स्वेच्छेनं मोटारसायकल सोडल्याबद्दल रेणुकादास गुरुजींचा सत्कार.' आधीच्या वक्त्यांनी तर मला त्यागमूर्ती करून टाकलं. अहो, ह्या अहमदपुरात अडतीस वर्षं पोरं शिकवली, तेव्हा नाही कुणी शाल दिली!

सगळे म्हणतात, गुरुजी, किती सोयी आहेत तुम्हाला! एसटी फुकट, जीप आहे, रिक्षा आहे. आहेत की. माझी थोरली बहीण केवळाबाई, आमची अक्का, मुखेडच्या अलीकडं एका खेड्यात एकटी राहते. वय ब्याऐंशी. दर गुरुवारी मी तिच्या गोळ्या घेऊन जायचो, आणि मी पोचल्याशिवाय ती जेवायची नाही.

गाडी सोडल्यावर पहिल्या गुरुवारी एसटी धरली. आपली रीत ठाऊकच आहे, खिडकीतून पिशवी टाकायची, जागा धरायची. टाकली. रेटारेटी करून आत गेलो, तर माझ्या जागेवर एक बाई! मी भांडलो हो तिच्याशी. ती म्हणाली, "काका, तुमची पिशवी त्या गाडीत हाय." शेजारची लातूरची गाडी, निघालीसुद्धा. गोळ्या लातूरला, मी मुखेडला. रिकाम्या हातानं तसाच घरी परतलो.

पुढच्या वेळी जीप. ती भरल्याशिवाय हलत न्हाई, अन् मागं चढायला माझा गुडघा तयार न्हाई. फाट्यावर उतरलो, तर पुढं अडीच किलोमीटर काहीच नाही. ऊन मी म्हणत होतं. रिक्षा तिथं कुठली? फाट्यावरूनच मागं फिरलो. चिरंजीव अंबरीश म्हणतात, "बाबा, व्हिडिओ कॉल करा ना." अक्काला मोतीबिंदू. शेजारणीनं मोबाइल समोर धरला, की ती कानालाच लावते!

मग गाडी सोडलीच कशाला? हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. गाडीवरून गेलो त्या शेवटच्या गुरुवारी अक्का गावच्या वेशीवर माझी वाट बघत उभी होती. गाडीचा आवाज ओळखून तिनं हात केला. मी समोरून निघून गेलो. मला ती दिसलीच नाही, मंडळी. माझी सख्खी बहीण! तिच्या दाराला कुलूप बघून मागं फिरलो, तेव्हा ती वेशीवर भेटली. ती म्हणाली, "दासू, रागावलास का रं माझ्यावर? थांबला न्हाईस." मी म्हणालो, "हाव अक्का, रागावलो व्हतो." काय करू? दिसत नाही म्हणालो असतो, तर शपथ घालून माझं येणंच बंद केलं असतं तिनं.

घरी येऊन किल्ली अंबरीशच्या हातात दिली. तुम्ही ह्याला त्याग म्हणता. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. आता असे दोन गुरुवार तिच्यापर्यंत जाणं झालं नाही, आणि अक्का समजून बसलीय की माझा राग अजून गेलेला नाही.

आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, काही वेडंवाकडं बोललो असेन, तर पोटात घाला. फक्त एक विचारतो. उद्या गुरुवार. सकाळी मुखेडकडं कोण निघालंय? मला अक्काच्या दारापर्यंत सोडायचं.

अहो, टाळ्या नका वाजवू. हात वर करा.