रेघेपर्यंत पाणी

पुंजाराम : हात बाहेर काढ. आधी हात बाहेर काढ त्या माशांच्या पेटीतून.

यशवंत : अण्णा, फक्त दगड थोडा बाजूला घेतोय. खालची खडी काढल्याशिवाय फिल्टर बसणार नाही.

पुंजाराम : बसवायचाच नाही. तुझ्या आईनं ठेवलाय तो दगड. तिनं ठेवला तिथंच राहील.

यशवंत : आई असती तर तीच म्हणाली असती, बसव.

पुंजाराम : आई असती तर तू आला असतास का? दिवाळीला ये म्हटलं, ड्यूटी. जयंतीला ये म्हटलं, ड्यूटी. ती वाट बघून बघून गेली. आता मासा मेला तर मुंबईहून खोकं भरून सामान घेऊन आलास.

यशवंत : तुम्हीच फोन केलात. आईचा तो पट्ट्यांचा मासा, बँडवाला, मेला म्हणालात. पुढं बोलता येईना तुम्हाला, म्हणून रातोरात निघालो.

पुंजाराम : कळवलं. ये म्हटलं नव्हतं.

सुलाबाई : भाऊजी, चहा घ्या. यशा, तूपण घे. वरडून मासा जिता व्हायचा नाय.

पुंजाराम : सुला, तू मधे बोलू नको.

सुलाबाई : मधी कुठं? मी बाजूलाच हाय. चहा गार होतो म्हणून बोलले. माझी बहीण गेली म्हणून मला ह्या घरात तोंड उघडायची चोरी झाली का?

यशवंत : मावशी, तूच बघ. दोन होते, आता एकच उरला. तोही कोपऱ्यात तोंड वर करून उभा आहे. आणि दगडावर वाढलेली ती जिवंत बटणं बघ. आई असताना दिवसभर फुलांसारखी उघडी असायची. आता एकसुद्धा उघडं नाही.

पुंजाराम : मला दिसतं. मी इथंच राहतो.

यशवंत : दिसतं तर ऐका ना माझं. ही जाळी खडीखाली बसते. पाणी खडीतून खाली ओढलं जातं आणि घाण तिथंच अडकते. ह्या नळकांड्यात फेस तयार होतो, उरलेली घाण फेसाबरोबर वर येते. ही मोटार पाणी फिरवत ठेवते. समुद्रात लाट असते, अण्णा. ह्या पेटीत काय आहे? साचलेलं पाणी.

पुंजाराम : आणि तिच्याकडं काय होतं? एक घुरघुरणारा पंप, एक ट्यूबलाइट आणि नाथाच्या ट्रकमधून येणारं वलसाडच्या समुद्राचं पाणी. एवढंच. लाइट गेली की फुलपात्रानं पाणी उचलायची आणि वरून सोडायची. हात दुखला की दुसऱ्या हातानं. मोटार नव्हती, नळकांडं नव्हतं. एशियाडच्या वर्षी सगळी कॉलनी रंगीत टीव्हीसाठी वेडी झाली होती, तेव्हा तू पहिल्या पगारात तिला ही पेटी आणून दिलीस. ती म्हणायची, माझा टीव्ही हा. तेव्हापासून तिच्या हातून एक मासा गेला नाही.

यशवंत : तिच्या हातून गेला नाही, खरं आहे. पण आता ती नाही.

पुंजाराम : मी आहे. तिनं मला एकच काम सांगितलं होतं. तू गाडी आणलीस, तिला मागच्या सीटवर झोपवलंस, तेव्हा माझी बाही धरून म्हणाली, रेघेच्या खाली पाणी जाऊ देऊ नका. ही बघ रेघ. नेलपॉलिशची. तिनंच ओढली. एक दिवस चुकवला नाही मी. प्रेसमधून सुटलो की चपला काढायच्या आधी पाणी. आणि तू मला सांगतोस, साचलेलं पाणी.

यशवंत : तुम्ही काळजी घेत नाही असं मी म्हणालो का?

पुंजाराम : तू आलास की नळ्या येतात. तिलाही अशाच लावल्या. नाकात, घशात, हातात. आता इथं लावायला आलास.

यशवंत : तो विषय काढू नका.

पुंजाराम : तोच विषय आहे! इथला डॉक्टर म्हणाला होता, आता घरी ठेवा, माणसांत ठेवा. तू ऐकलं नाहीस. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलीस. मला काचेबाहेरच्या बाकड्यावर बसवलंस. आत जायचा पास एकच, तोही तुझ्या खिशात.

यशवंत : कारण तुम्ही आत आलात की नर्सशी भांडत होतात!

पुंजाराम : भांडणारच. तिला बोलायचं होतं आणि तुम्ही तिच्या घशात नळी घातली.

यशवंत : तिला श्वास घेता येत नव्हता, अण्णा! हौस म्हणून घातली का नळी? आणि तुमचं काय? सगळा उन्हाळा ओवा आणि काढा. पित्त आहे, जाईल. ती मोरीपर्यंत भिंत धरून जायची आणि तुम्ही म्हणायचात, उन्हाचा त्रास आहे. दवाखाना चौकात होता. नेलं नाहीत. तुमचं साधं सोपं म्हणजे हेच. काही करायचं नाही आणि सगळं ठीक आहे म्हणायचं.

सुलाबाई : यशा! बापाशी बोलतोस तू.

यशवंत : बोलू दे मावशी. आईच्या जलदानाच्या दिवशी मी बोललो नाही. भन्तेजी समोर, सगळा समाज बसलेला, तांब्या माझ्या हातात, आणि हे ताडकन उठून बाहेर. मी एकट्यानं पाणी ओतलं. लोक मला विचारत होते, वडील कुठं गेले. काय सांगू? लघवीला गेले म्हणून सांगितलं.

पुंजाराम : तू ओतत होतास म्हणूनच उठलो.

यशवंत : का?

पुंजाराम : जिवंतपणी तिला पाणी नाकारलंस, आणि ती मेल्यावर तिच्या नावानं पाणी ओतत होतास. मला बघवलं नाही.

यशवंत : कोणी सांगितलं तुम्हाला?

पुंजाराम : काच होती ती, भिंत नव्हती. तिनं अंगठा तोंडाकडं नेला. पुन्हा पुन्हा नेला. तू मान हलवलीस. नाही म्हणालास.

यशवंत : डॉक्टरांची सक्त ताकीद होती. एक घोट जरी फुप्फुसात गेला असता तर तिथंच संपली असती. मी ओला बोळा ओठांना लावला, तर तो तिनं हातानं बाजूला केला. माझ्यावर रागावली. तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते?

सुलाबाई : बस करा दोघं. मेल्या मान्साला असं मधी घेऊन वढाताणी करू नका. तिला हे आवडलं नसतं.

पुंजाराम : बाजूला हो, यशवंता. पाणी भरू दे मला. रेघेखाली गेलंय.

सुलाबाई : थांबा भाऊजी. ह्या काचेला वर पांढरं पांढरं काय हो हे? मिठावानी?

पुंजाराम : खार आहे. आजकाल लय धरतो. पुसतो मी, पुन्हा येतो.

सुलाबाई : आक्का असताना असा नव्हता धरत. आन् हे काय वतताय तुम्ही?

पुंजाराम : पाणी. दुसरं काय?

सुलाबाई : कुठलं?

पुंजाराम : नाथानं आणलेलं. वलसाडचं. हा काय कॅन.

सुलाबाई : रोज हेच वतता?

पुंजाराम : रोज हेच. समुद्रातल्या माशाला समुद्राचंच पाणी लागणार. तेवढी अक्कल आहे मला. त्या नाथाच्या किती विनवण्या केल्या, पूर्वी महिन्याला आणायचा, आता दर फेरीला आणायला लावतो.

सुलाबाई : अवो, पन आक्का तर माठातलं घालायची.

पुंजाराम : कुठलं माठातलं?

सुलाबाई : प्यायचं. गोडं. आदल्या दिशी भरून ठेवलेलं. मी इथं भाजी निवडत बसायची ना दुपारची, तवा ती तांब्या घेऊन यायची आन् रेघेपत्तर घालायची. कॅनमधलं ती कधीमधी घालायची, जुनं पानी काढलं की तेवढंच. मी म्हनलं तिला येकदा, आगं खाऱ्या पान्यातल्या माशाला गोडं पाजतीस व्हय? तर हसली. म्हनली, पान्याची वाफ व्हते, मीठ मागंच ऱ्हातं. आपली आमटी आटली तर आपन मीठ घालतो का पानी?

पुंजाराम : मला नाही बोलली कधी.

सुलाबाई : दुपारचं तुम्ही घरी कधी असायचा?

यशवंत : थांबा. अण्णा, तो कॅन खाली ठेवा. खोक्यात खारटपणा मोजायचा काटा आहे. काचेचा, तरंगतो. किती वर येतो त्यावरून कळतं.

(यशवंत काटा पाण्यात सोडतो. काटा पेनासारखा वर उभा राहतो, पट्टीवरची शेवटची खूणही पाण्याच्या बाहेर.)

यशवंत : पट्टी संपली.

पुंजाराम : म्हणजे?

यशवंत : म्हणजे समुद्रापेक्षाही खारट झालंय. पाणी रोज उडतं, मीठ उडत नाही. त्यावर रोज आणखी मीठ. मी फिल्टर बसवला असता, मोटार बसवली असती, तरी हासुद्धा मेला असता. काटा माझ्याच खोक्यात होता, आणि मी आल्या आल्या खडी उपसायला बसलो.

सुलाबाई : आक्का बोट बुडवून जिभेला लावायची.

पुंजाराम : कडू लागतंय.

यशवंत : अण्णा, थुंका ते.

पुंजाराम : कडू झालंय. म्हणजे मीच मारलं. तिनं सांगितलं तसंच केलं मी. रेघ सांगितली, कुठलं पाणी ते सांगितलं नाही. मी विचारलंसुद्धा नाही. गाडी निघाली होती.

सुलाबाई : बसा भाऊजी. खुर्चीवर बसा.

पुंजाराम : मला नको बसवू कुठं!

यशवंत : अण्णा, एक सांगायचं राहिलं. तिनं अंगठा तोंडाकडं नेला ना, त्याच्याआधी दुसऱ्या हाताचं बोट असं फिरवलं होतं. हवेत, आडवं. मला वाटलं चादर नीट कर म्हणते. मी चादर ओढली. तिनं पुन्हा बोट फिरवलं. मग अंगठा. पुन्हा बोट. पुन्हा अंगठा.

सुलाबाई : आडवं? रेघ वढल्यासारखं?

यशवंत : मला तेव्हा काही सुचलं नाही, मावशी. मला वाटलं, तहान. आईला तहान लागली आणि मी पाणी दिलं नाही. तेच घेऊन फिरतोय.

पुंजाराम : काचेतून मला तिचा दुसरा हात दिसत नव्हता. तू उभा होतास मधे.

यशवंत : कदाचित तहानच असेल. मला नक्की माहीत नाही.

पुंजाराम : तहानही असेल. पण बोळा बाजूला केला म्हणालास ना?

यशवंत : हो.

पुंजाराम : बघ बाई कशी. स्वतःचा श्वास चालत नाही, आणि माशाला कुठलं पाणी घालायचं ते सांगत बसली. तेही आपल्या दोघांना. दोन दगडांना.

सुलाबाई : अशीच व्हती ती. लग्नाच्या दिशीसुद्धा बोहल्यावरून मला सांगत व्हती, शेळीला पाला टाक.

यशवंत : मावशी, माठात कालचं पाणी आहे का?

सुलाबाई : हाय. मीच भरला काल. आनू का सगळं? घालू का भसाभस?

यशवंत : नको, नको. एकदम गोडं पडलं तर हा आजच जाईल. आज रेघेपर्यंत फक्त एक तांब्या. उद्या काटा बघायचा. मग थोडं खारं काढायचं, तेवढंच गोडं घालायचं. आठवडा लागेल. कदाचित जास्त.

पुंजाराम : आठवडा? आणि तुझी ड्यूटी?

यशवंत : रजा टाकतो.

पुंजाराम : तिच्यासाठी नाही टाकलीस.

यशवंत : नाही टाकली.

पुंजाराम : मीही चौकातल्या दवाखान्यापर्यंत गेलो नाही. तो काटा राहू दे इथं. बाकीचं खोकं बांधून ठेव. मोटारीचं नंतर बघू, हा जगला तर.

यशवंत : बटणं उघडतील की नाही, सांगता येत नाही, अण्णा. आधीच सांगतो.

पुंजाराम : मी विचारलं का?

सुलाबाई : हा घ्या तांब्या. यशा, धर.

पुंजाराम : त्याच्याकडं नको, माझ्याकडं दे. त्या दिवशी मी ओतलं नव्हतं.

यशवंत : घ्या. धार बारीक धरा, अण्णा.