लाखात एक

— खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी, पण तुझ्या आजोबांना तो रोग झाला तेव्हा ते चक्क खूश झाले होते.

— आजी, मी गंमत म्हणून विचारत नाहीये. बाबांना लघवीचा त्रास होतोय, उद्या तपासणी आहे आणि ते अडून बसलेत. प्रोस्टेटचा रक्तातला आकडा चांगला आलाय, मग कशाला, म्हणतात.

— यांचाही आकडा चांगलाच होता. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण दुर्मिळ जातीचा. तो रक्तातला आकडा फारसा वाढवत नाही, गुपचूप पसरतो. यांनी तेवढं ‘दुर्मिळ’ ऐकलं. मग दुकानात गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावला की सुरू. साधासुधा नाही हं, लाखात एकाला होतो. जन्मभर लोकांच्या विजारी शिवल्या, शेवटी झाला एकदाचा लाखात एक.

— किती दुष्ट आहेस गं.

— अगं, एकानं हात हातात घेऊन अभिनंदन केलं त्यांचं. शपथ.

— आणि हा रोग येतो कुठून, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं?

— त्यांनाच धड ठाऊक नव्हतं. म्हणाले, कधी तिथल्या वेगळ्याच पेशी मुळातून बिघडत असतील. कधी आधी साधाच कॅन्सर असतो, औषधानं त्याची रसद तोडली की तो वेष पालटतो. यावर हे म्हणतात, वेष पालटला आणि मला, शिंप्याला, कळलं नाही होय. पुढे दर आठवड्याला स्वतःच्या विजारीची कंबर आत घ्यायचे. मी म्हणायचे, आता पुरे हो, नुसत्या शिवणीच उरतील.

— तू असं म्हणालीस त्यांना?

— हसले ते. मग खोकले.

— बापाकडून मुलाकडे जातो का, हे विचारलंस?

— विचारलं की. म्हणाले, छे, मुलाकडे अजिबात जात नाही.

— नक्की ना? मला तीच भीती होती, म्हणून तर बाबांच्या मागे लागले होते. सांगते त्यांना, उद्या नाही गेलात तरी चालेल.

— सांग. निवांत झोपेल माझं पोर.

— लावलाय. रिंग जातेय.

— ठेव तो फोन.

— का?

— बाकी सगळं खरं आहे गं. अभिनंदनाचंसुद्धा. फक्त ते मुलाकडे जात नाही वगैरे, ते डॉक्टर म्हणाले नव्हते.

— मग काय म्हणाले होते?

— मुलाला न चुकता दाखवून घ्या, म्हणाले होते.