एका दिव्याची कादंबरी

वीज कंपनीच्या ऑफिसातली रांग इतकी लांब होती, की शेवटी उभी राहिलेली मुलगी खिडकीशी पोचेपर्यंत आजी झाली. ती मीच. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“अहो, दर वाढले म्हणून आपण ही कंपनी सोडतोय. नीट सांगा तिथे.”

“सांगतो गं. पण मुदतीआधी सोडली तर दंड पडतो.”

“पडू दे. नवी कंपनी स्वस्त आहे. मग मी माझ्या खोलीत दिवा लावीन, तुम्ही तुमच्या खोलीत लावा.”

“आणि कादंबरीचं काय? दर वाढल्यापासून एका दिव्याखाली बसून मला वाचून दाखवतेयस. खुनी कोण ते कळायचंय अजून.”

“वाचा की तुमचं तुम्ही.”

“मला अक्षर दिसत नाही.”

“काल माझा पांढरा केस बरा दिसला, तोही दारातून.”

खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजोबा, तुमच्या कराराची मुदत कालच संपली. दंड नाही. सोडायची कंपनी?”

“अजिबात नाही? थोडासा तरी असेल, बघ ना.”

“राहू दे गं बाळ,” आजोबांची बायको म्हणाली. “खुनी सापडला की येतो आम्ही.”

“किती पानं राहिलीत, आजी?” खिडकीतल्या मुलीने तिला विचारलं.

“तीसेक असतील. पण मी फार हळू वाचते.”