राणीला माहीत नव्हतं

"परक्यांच्या बोलण्याकडे कान लावू नकोस, उगाच जिवाला घोर लागतो," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात बाळाच्या लशीसाठी बसले होते. शेजारी बसलेले बहीण-भाऊ फाशांच्या खेळाबद्दल बोलत होते. त्या खेळात प्रत्येकजण एकेक पात्र होऊन बोलतो.

"अक्का, रविवारी प्राणेशच्या जादूगारानं जवळचं सगळं वाटून टाकलं. तू अडवलं का नाहीस?"

"माझी राणी तेव्हा तुरुंगात होती. तिला कसं कळणार?"

"तू तर समोरच बसली होतीस!"

"मी होते, राणी नव्हती. आपल्याला कळलेलं पात्रानं वापरायचं नाही. नियम तूच शिकवलास, मुरली."

"शाबास! पक्की खेळाडू झालीस."

"मग! खेळ संपल्यावर त्यानं आपले पितळेचे फासेसुद्धा मला दिले. म्हणाला, आता मला लागणार नाहीत."

"हे जादूगार म्हणाला?"

"नाही रे, प्राणेश."

"तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले."

"अक्का, फोन लाव त्याला."

"अय्यो, बंद लागतोय."

"ऊठ. सिरुसेरीला जायचं. एकटा राहतो तो."

"आपला नंबर येईल ना आता."

"येऊ दे. ऊठ!"

ते गेले. इथून सिरुसेरीला तास तरी लागतो. हे वाचणारं तिथलं कुणी असेल आणि तुमच्या इमारतीत एकटा राहणारा कुणी प्राणेश असेल, तर ते पोचायच्या आधी त्याचं दार वाजवून याल का?