दारावरचे बारकोड

लतामावशी : पुन्हा वाच. सावकाश.

निरंजन : "स्टाफ नर्स नीलम यांनी रुग्णाची ओळख न पटवता रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन दुसऱ्याच रुग्णाच्या खाटेपर्यंत नेलं. या निष्काळजीपणाबद्दल त्यांना निलंबित करावं." स्कॅनिंग आमच्या आयटीकडे, म्हणून रिपोर्ट मी लिहिलाय. बारा वाजता डायरेक्टरसाहेबांना द्यायचाय, मावशी. नर्सिंगच्या प्रमुख म्हणून तुमची सही हवी, बस.

लतामावशी : अडतीस वर्षं लष्करी इस्पितळांत काढून जानकीपुरमला घरी बसले होते मी. कोविड आला तशी तुमच्या साहेबांनी हात जोडून बोलावलं. ते असल्या कागदांवर सह्या करायला का?

निरंजन : पण सिस्टिम चुकत नाही हो. नर्सनं औषधाचा बारकोड स्कॅन करायचा, मग पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा. दोन्ही जुळले की टॅबवर हिरवी खूण. इतकं सिंपल आहे.

लतामावशी : तिला आली होती हिरवी खूण?

निरंजन : आली होती.

लतामावशी : म्हणजे सिस्टिम बरोबर आणि माणूस भलताच. छान. आमच्याकडे औषधांची एक जाडी वही असायची. दोघी जणी खाटेशी उभ्या राहून नाव, औषध, मात्रा मोठ्यानं वाचायचो. जवान वैतागून म्हणायचे, सिस्टर, माझं नाव मला पाठ आहे. त्या वहीला दिवे लागायचे नाहीत, पण औषध ज्याचं त्यालाच मिळायचं.

निरंजन : वह्यांचे दिवस गेले, मावशी. आपल्याकडे आज अठ्ठ्याण्णव टक्के औषधं स्कॅन होऊनच दिली जातात.

लतामावशी : अठ्ठ्याण्णव. अंगात पीपीई, हातांत दोन-दोन मोजे, डोळ्यांवर वाफ धरलेला गॉगल. त्यात संसर्ग नको म्हणून टॅब कोविड वॉर्डात न्यायला तुम्हीच बंदी घातलीत. मग पेशंटचं मनगट स्कॅन व्हायला चालत बाहेर येतं?

निरंजन : नर्सेसनी काहीतरी जुगाड केला असणार. तोच तर निष्काळजीपणा.

लतामावशी : तो जुगाड घेऊन आलेय मी. वॉर्डच्या दारावरून काढून.

(लतामावशी पर्समधून प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवतात.)

लतामावशी : बारा खाटा, बारा पट्ट्यांच्या नकला. पोरी दाराबाहेरच औषध आणि नक्कल स्कॅन करतात, तुझी ती हिरवी खूण पदरात घेतात आणि आत जातात. परवा सात नंबरला ऑक्सिजनचा दाब कमी पडला म्हणून तिथले हरिहर शुक्ला अकरावर गेले आणि अकरावरचे, कमी ऑक्सिजनवर भागणारे मलिहाबादचे आंब्याचे बागवाले लक्ष्मीकांत मिश्रा सातवर आले. पोटात रक्तस्राव चालू असलेला माणूस. शुक्लांचं ते इंजेक्शन त्याला गेलं असतं तर तो संपला असता. माणसं हलली, दारावरचा कागद तसाच राहिला. आता तळाची ओळ वाच.

निरंजन : कुठली?

लतामावशी : ती बारीक अक्षरातली. तुझ्या डोळ्यांवर गॉगल नाही, दिसेल तुला.

निरंजन : राहू द्या ना, मावशी.

लतामावशी : मग मी वाचते. "प्रिंट करणारा : निरंजन, आयटी." खाली तारीख, वेळ. हे नाव म्हणे तुझी सिस्टिम आपोआप छापते. आणि ती तर चुकत नाही.

निरंजन : स्कॅनिंग एकसष्टवर आलं होतं. साहेब रोजच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढत होते. तात्पुरतं म्हणून दिलं मी ते छापून.

लतामावशी : आणि आता ते पोरींनी केलं म्हणून लिहितोस. बरं, चूक पकडली कुणी? नीलमनं. सुई टोचण्याआधी थांबली आणि आपण होऊन येऊन सांगितलं. गप्प बसली असती तर तुला काही कळलं नसतं. तुझे वडील एअरफोर्सच्या वर्कशॉपमध्ये होते ना? विमानाचा ढिला बोल्ट आपण होऊन दाखवणाऱ्या मेकॅनिकला काय करायचे ते?

निरंजन : पाठ थोपटायचे. आम्हाला घरी येऊन सांगायचे त्याचं नाव.

लतामावशी : तू निलंबित करतोस. उद्यापासून कोण येतंय तुला सांगायला?

निरंजन : द्या तो कागद. रिपोर्ट नव्यानं लिहितो. नकला मी छापल्या, हेसुद्धा घालतो. नीलमला बोलवा.

लतामावशी : मघापासून बाहेर उभी आहे. ये ग, नीलम. घाबरू नकोस, बाप लष्करात होता ना तुझा?

नीलम : जी मॅडम.

निरंजन : बसा. रिपोर्ट बदलतोय मी. तुम्हाला हिरवी खूण तर आली होती. मग हे हरिहरजी नाहीत, हे कळलं कसं? त्यांनी सांगितलं?

नीलम : नाही सर, मास्क होता ना, बोल ही नहीं पा रहे थे. मी हात उचलून पट्टीवरचं नाव वाचलं.

निरंजन : वाफ धरलेल्या गॉगलमधून?

नीलम : त्यातून कुठे काय दिसतं, सर. उतरवला मी.

लतामावशी : आत? कोविडच्या वॉर्डमध्ये?

नीलम : बस, नाव वाचण्यापुरता, मॅडम. प्रत्येक इंजेक्शनच्या आधी उतरवते. हेपण लिहिणार का, सर?