एक्केचाळिसाव्या ओळीतला शेरा

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय माणिकप्पा पत्रे. व्यासपीठावर विराजमान प्राचार्य डॉ. साहेबराव केंद्रे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या ग्रंथपाल श्रीमती जाहिदा बेगम आणि त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी प्राध्यापक, शिक्षकेतर बंधू-भगिनी, समोर बसलेल्या आजी-माजी विद्यार्थिनी आणि विद्यार्थी मित्रहो, आणि अगदी मागं, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलेली माझी पत्नी शांतम्मा आणि मुलगी मंजुश्री.

शेवटची दोन नावं पत्रिकेत नाहीत. पण त्या दोघी आल्यात, आणि मी काय बोलतो हे ऐकायलाच आल्यात. तेव्हा त्यांचं नाव घेणं भाग आहे.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'मराठीचे ज्येष्ठ प्राध्यापक, शिस्तप्रिय आणि स्पष्टवक्ते उमाशंकर सर' असे शब्द वापरले. त्यांचे आभार. स्पष्टवक्तेपणा आजवर मी दुसऱ्यांच्या बाबतीतच वापरला. आज जरा स्वतःच्या बाबतीत वापरून बघतो. माझ्या खिशात छापील भाषण आहे. 'मॅडम म्हणजे ज्ञानगंगा' वगैरे सगळं त्यात आहे. ते मी प्राचार्यांकडे देऊन ठेवतो, स्मरणिकेत छापायला उपयोगी पडेल.

आता, जाहिदा मॅडमबद्दल काय सांगू? तीस वर्षांत या बाईंनी एक पुस्तक हरवू दिलं नाही. मुखेडच्या बाजाराच्या दिवशी निम्मं कॉलेज रिकामं होतं, पण ग्रंथालयाचं दार उघडं असतं. हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते मी सांगतो. माझ्या हातात ही जी जाडजूड वही आहे ना, ती नीट बघा. ग्रंथालयाची जुनी दाखल-नोंदवही. ही चार वर्षं माझ्या कपाटात कुलुपात होती.

चार वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत एक क्रमशः कादंबरी यायची. आपलं कॉलेज रविवारी बंद, त्यामुळं ती पुरवणी पोरींच्या हाती सोमवारी पडायची. सोमवारच्या मधल्या सुट्टीत डबे घेऊन आठ-दहा पोरी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जमायच्या. अंक एकच. कहकशां नावाची मुलगी मोठ्यानं वाचायची, बाकीच्या घास हातात धरून ऐकायच्या. गोष्ट साधी. मन्मथ बस स्टँडवर घड्याळं दुरुस्त करतो. शिवानी तलाठी कार्यालयात कारकून. ती वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन येते, आणि तिथून पुढं बावन्न आठवडे.

वाचून झालं की पोरींचा खेळ सुरू व्हायचा. या आठवड्यात मन्मथ आणि शिवानीचं जे झालं, त्याला गाणं कोणतं? भांडणं व्हायची म्हणे! शेवटी मॅडमनी ही जुनी वही काढून दिली. छापील रकाने तेच ठेवले. 'ग्रंथाचे नाव' या रकान्यात गाणं. 'लेखक' या रकान्यात ते कोणी कोणासाठी म्हणायचं. आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात कारण. मॅडम स्वतःही लिहायच्या.

मी या आठवड्यात ही वही पहिल्यांदा नीट वाचली. काय लिहितात पोरी! तिसऱ्या आठवड्याला एक गाणं शिवानीच्या तोंडी दिलंय. तेच गाणं तिसाव्या आठवड्याला मन्मथच्या तोंडी, आणि शेरा काय, तर 'गाणं तेच, आता म्हणायची पाळी त्याची.' एके ठिकाणी लिहिलंय, 'ह्या गाण्याचं फक्त दुसरं कडवं घ्यावं, पहिलं कडवं अजून त्यांच्या नशिबात न्हाई.' लग्नाच्या आठवड्याला सगळ्यांनी बँडवाल्यांची गाणी सुचवली. मॅडमनी मात्र त्यांच्या आजीचं एक पाठवणीचं गाणं लिहिलं. त्याच्याखाली लाल शाईत कुणीतरी मॅडमशीच वाद घातलाय. 'हे नको मॅडम, ह्यात ती रडती. शिवानी रडत न्हाई, ती भांडी घासती.' एकतीस वर्षं मी कथा-कादंबरी शिकवतो. पात्राच्या स्वभावाबद्दल इतकं नेमकं वाक्य माझ्या एकाही उत्तरपत्रिकेत कधी आलं नाही.

पण चार वर्षांपूर्वी मी हे असं वाचलं नाही. तेव्हा मी शिस्त समितीचा प्रमुख होतो. पुस्तक पडताळणीसाठी ग्रंथालयात गेलो, वही हाती लागली, चार पानं चाळली. गाणी, एक मुलगा, एक मुलगी, लाल शाई! पुरवणीतली कादंबरी मी कशाला वाचू? वर्गात मीच सांगायचो, पुरवणीत येतं ते काय साहित्य असतं का? मला वाटलं, मन्मथ आणि शिवानी ही टोपणनावं आहेत. कॉलेजात कुणाचं तरी काहीतरी चालू आहे, आणि ते ग्रंथालयाच्या वहीत लिहून राहिलेत.

कहकशां मला सांगायला आली होती. 'सर, ती गोष्ट हाय, पुरवणीतली.' मी तिला म्हणालो, मला गोष्टी सांगू नको.

मग मी स्टाफ रूममध्ये वही उघडून मोठ्यानं वाचली. नाट्यवाचन म्हणा हवं तर. हातवारे वगैरे करून. इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जण तेव्हा हसले होते. माना खाली घालू नका, दोष माझा आहे. सगळ्यात जास्त हशा शेवटच्या नोंदीला पिकला. एक्केचाळिसावी ओळ. लाल शाई. मन्मथ आणि शिवानीनं अबोला धरलाय, तिची लोह्याला बदली व्हायची आहे, तो आठवडा. गाण्याचा रकाना मोकळा आहे. शेऱ्यात लिहिलंय ते मी आज पुन्हा वाचतो. हातवारे न करता वाचतो.

'शिवानी वाढती आणि चुलीकडं जाऊन उभी राहती. मन्मथ जेवतो आणि उठतो. कुणी एक शब्द बोलत न्हाई. ह्याला गाणं न्हाई. ह्याला नुसता पंख्याचा आवाज लावा. खट्‌ खट्‌ करतो तसला. मला ठाव हाय.'

'पंख्याचा आवाज लावा' हे मी त्या दिवशी तीनदा म्हणून दाखवलं. प्रत्येक वेळेला हशा.

त्यानंतर मी फर्मान काढलं. उद्या सकाळी अकरावी-बारावीच्या सगळ्या मुलींनी हॉलमध्ये बसून दहा ओळी लिहायच्या. अक्षर जुळवून लाल शाईवाली शोधायची, पालकांना बोलवायचं आणि दाखला हातात द्यायचा. तेव्हाचे प्राचार्य हो म्हणाले. मी लई खूश होतो. घरी जाऊन जेवताना सांगितलं सुद्धा. म्हणजे सांगितलं कसलं, भिंतीकडं बघून बोललो. शांतम्मानं वाढलं आणि ती चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली रांगेनं हॉलमध्ये निघाल्या, तेव्हा जाहिदा मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, मुलींना वर्गात पाठवा. वहीतलं सगळं माझं आहे."

मी विचारलं, "सगळं? दहा तऱ्हेची अक्षरं आहेत त्यात."

"सगळं माझं आहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

मला कळलं होतं की त्या खोटं बोलतायत. लहान पोराला कळलं असतं. पण मला गुन्हेगार मिळाला होता आणि मला ते प्रकरण जिंकायचं होतं. मी मेमो लिहिला. भाषा माझी, सही प्राचार्यांची. 'विद्यार्थिनींना अनुचित मजकूर लिहिण्यास उत्तेजन.' त्यांच्या सेवापुस्तकात ते वाक्य चढलं. मधल्या सुट्टीत ग्रंथालय बंद झालं, ते आजतागायत बंद आहे. छपन्न वर्षांच्या बाईंबद्दल लोक चहा पिताना काय काय बोलले, ते मी ऐकलं आणि त्यांना थांबवलं नाही. मॅडम मात्र दुसऱ्या दिवशी मला पाहून नेहमीसारखं 'आदाब सर' म्हणाल्या. मला वाटलं, बाई निर्लज्ज आहेत. हो, हाच शब्द माझ्या मनात आला होता.

आता मागच्या रविवारचं सांगतो. या समारंभाची पत्रिका घरी आली होती. माझी मुलगी मंजुश्री लातूरला ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण घेते, ती सुट्टीला आलेली. सकाळी तिनं पत्रिका वाचली. माझं नाव 'मनोगत' या शब्दापुढं बघितलं. म्हणाली, "अप्पा, मॅडमवर भाषण तुम्ही करणार?"

मी म्हणालो, "हाव. का?"

"लाज न्हाई वाटत तुम्हाला?"

माझ्या पोरीनं मला असं कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिनं मला चार वर्षांत काहीच विचारलं नव्हतं. मी चिडलो, आवाज चढवला. ती आत गेली, फळीवरचा बाजाराच्या यादीचा कागद घेऊन आली आणि त्याच्या मागं लाल पेनानं लिहिलं, 'ह्याला गाणं न्हाई.' कागद माझ्यासमोर ठेवला.

मित्रहो, मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्यात. नाव झाकलेलं असलं तरी अक्षरावरून पोरगं ओळखतो, अशी माझी ख्याती आहे, आणि ती मीच पसरवलीय. माझ्या मुलीचं अक्षर मला ओळखता आलं नाही. कारण पहिलीत गिरवायला बसवलं त्यानंतर तिनं काय लिहिलं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो पंखा मन्मथच्या घरातला नव्हता. तो माझ्या घरातला होता. स्टाफ रूममध्ये हातवारे करून करून मी माझ्याच घराचं हसं केलं, आणि घरी जाऊन त्याच पंख्याखाली जेवलो.

मंजुश्री तेव्हा आपल्याच कॉलेजात बारावीला होती; तिनं सांगितलं, त्या सकाळी ती स्वतः कबूल करायला निघाली होती. मॅडमनी ग्रंथालयाच्या दारात तिचं मनगट धरलं. म्हणाल्या, "तू चुप बैठ बेटा. तेरेकू बारावी का पेपर है. मेरेकू एक मेमो से क्या होता?" आणि आणखी एक गोष्ट सांगितली, "तेरे अब्बा को मत बोल. उनसे सहन नै होता."

ऐकलंत? ज्यांच्यावर मी मेमो लिहिला, त्या माझी काळजी करत होत्या.

प्राचार्य साहेब, मघाशी तुम्ही चिठ्ठी पाठवलीत, 'आवरतं घ्या.' घेतो. पण मॅडम या महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होतायत. त्याआधी सेवापुस्तकातला तो शेरा निघाला पाहिजे. हा माझा अर्ज. त्यात मी सगळं लिहिलंय: आरोप माझा, तो खोटा होता, आणि खोटा असल्याची शंका मला तेव्हाही होती. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. अध्यक्ष महोदय, तुमच्या साक्षीनं हा देतो. आणि दुसरी विनंती, सोमवारची मधली सुट्टी ग्रंथालयाला परत द्या. प्राचार्य मान हलवून राहिलेत. सगळ्यांनी बघितलं ना? बरं.

जाहिदा मॅडम, मंगळवारी मी तुमच्याकडं त्या वर्षीच्या पुरवण्यांची फाइल मागितली. तुम्ही कशाला म्हणून विचारलं नाही. नियमाप्रमाणं सही घेतली आणि दिली. मी वही ओढून नेली त्यानंतरचे अकरा भाग मी वाचले. शेवटच्या भागात मन्मथ लोह्याला जातो, तिच्या खोलीतलं बंद घड्याळ भिंतीवरून उतरवतो, दुरुस्त करतो, आणि चहा होईपर्यंत थांबतो. तेवढंच. त्याला गाणं कोणतं द्यावं, हे मी तीन दिवस शोधलं. मला सापडलं नाही. म्हणून बेचाळीस ते बावन्न या ओळी मोकळ्याच आहेत. वही तुमची आहे, तुम्हाला परत करतो. लाल पेन आत ठेवलंय. मंजुश्री, कहकशां, बाकीच्या पोरी, तुम्ही सगळ्या इथं आहात. मॅडमच्या घरी बसून तुम्ही त्या भरा. मला दाखवायची गरज नाही.

काल दुपारी मी शांतम्माला ती एक्केचाळिसावी ओळ वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीनं खरं लिव्हलंय. तुमास्नी चार वर्सांनी कळलं व्हय?" मी उठून पंखा बंद केला. लई उकडत होतं. मग तिनं विचारलं, "मन्मथ चहा पिऊन परत आला, का तिथंच राहिला?" मी म्हणालो, ते लिहिलेलं नाही. "मंग मला पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. मी सांगायला लागलो. सातव्या भागापर्यंत आलोय.

अध्यक्षांनी इतका वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला म्हणायची रीत आहे. मी आजवर शेकडो वेळा ते म्हटलं, आणि एकदाही मनापासून म्हटलं नाही. जाहिदा मॅडम, आज म्हणतो. बोलण्यातलं नव्हे, केलेलं. माफ करा. नाही केलंत तरी तुमचा हक्क आहे.

जाता जाता एक सूचना. जेवणाची सोय मागच्या शेडमध्ये केली आहे. तिथले पंखे जुने आहेत, खट्‌ खट्‌ वाजतात. तेव्हा सर्वांना हात जोडून विनंती, कृपया एकमेकांशी बोलत जेवा.