चाफ्याला घातलेलं पाणी

रेवदंड्याहून अलिबागला निघालेल्या रिक्षात माझ्या बाजूला दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या. एकीच्या मांडीवर सुक्या मासळीची टोपली.

"ठमे, मी महिनाभर इस्पितळात, आणि तू माझ्या चाफ्याला रोज पाणी घातलंस. अल्लाह तुला सुखात ठेवो."

"दुवा देऊ नको, बानू. तुझं रोप मीच जाळलं."

"काय बोलतेस?"

"पानं तांबडी झाली ना? खारवलेली मासळी धुतलेलं पाणी घालत व्हते मी. माझा माड त्याच्यावरच वाढलाय."

"माडाला मीठ सोसतं गं. चाफ्याची मुळं अजून कोवळी."

"आता कळलं. तवा पानं तांबडी दिसली, तशी मी आणखी एक कळशी वाढवली."

"या दुखऱ्या कंबरेनं?"

"डॉक्टर तुझं काय धड सांगत नव्हते. मला वाटलं, ह्यो हिरवा राह्यला तर तू घरी येशील."

बानूनं तिच्या मांडीवरची टोपली उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"न्हाय जगला तर नवा आणून देते."

"नवा कशाला? बुंध्याला दोन कोंब फुटलेत, सकाळीच बघितले. उद्यापासून विहिरीचं गोडं पाणी घालू."

"मी आणते कळशी."

"तू बस, ठमे. आता मी आलेय ना."